कॅलस भरभर वाढतो, मग औषध कुठे जाते? : वाचकांचे प्रश्न

वनस्पतींच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवून त्यांतून नैसर्गिक कीटकनाशक काढणे या विषयावर मुंबई आणि आसपासच्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे या वेळी देत आहोत. बरेचसे प्रश्न कॉलेजांच्या प्रयोगशाळांतून आले, त्यामुळे जागाही त्यांनीच जास्त खाल्ली आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. शीर्षकातला कॅलस म्हणजे पानाच्या वगैरे तुकड्यापासून वाढलेला, अवयवाचे रूप न आलेल्या पेशींचा गोळा.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी कडुनिंबाच्या पानांपासून कॅलस तयार केला. एमएस माध्यम (पेशींचे नेहमीचे पोषक द्रावण), त्यात २,४-डी लिटरला २ मि.ग्रॅ. आणि कायनेटिन ०.५ मि.ग्रॅ. ही संप्रेरके. कॅलस पांढरा, भुसभुशीत आहे आणि तीन आठवड्यांत दुप्पट-तिप्पट होतो. पण एचपीएलसीवर (अर्कातली द्रव्ये वेगळी करून मोजणारे यंत्र) अझाडिरॅक्टिन या कडुनिंबातल्या कीटकनाशक द्रव्याचा पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, दिसतच नाही. कुठे चुकते आहे? (माटुंगा)

उत्तर : कॅलस छान वाढतो आहे, आणि अडचणीचे मूळ बहुधा तिथेच आहे. अझाडिरॅक्टिन हे पेशीचे रोजचे काम नव्हे. पेशी जोमाने विभागत असते तेव्हा ती साखर आणि नत्र नव्या पेशी बांधण्यात घालते. अझाडिरॅक्टिनसारखी दुय्यम द्रव्ये वाढ मंदावल्यावर, ताण पडल्यावर किंवा पेशींना अवयवाचे रूप येऊ लागल्यावर बनतात. २,४-डी विभाजनाला उत्तम, पण दुय्यम द्रव्यांना मारक म्हणून ते बदनाम आहे. तुमच्या माध्यमात ते लिटरला २ मि.ग्रॅ. आहे, म्हणजे तुम्ही पेशींना सतत ‘वाढा, वाढा’ एवढेच सांगत आहात.

पण माध्यम बदलण्याआधी मोजमाप तपासा. कित्येकदा द्रव्य तयार झालेले असते आणि अर्क काढताना मरते. अझाडिरॅक्टिनला उष्णता, ऊन आणि अल्कली तिन्ही सोसत नाहीत. पीएच ४ ते ६ च्या दरम्यान ते सर्वांत टिकाऊ असते. कॅलस ६० अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवला असेल तर तिथेच घात झाला. ४० अंशांच्या वर जाऊ नका, फ्रीज ड्रायर मिळाला तर उत्तमच. वाळलेला १ ग्रॅम कॅलस खलात कुटून १० मि.लि. मिथेनॉलमध्ये रात्रभर, अंधारात, हलवत ठेवा, गाळा, उरलेल्या चोथ्यावर हेच आणखी दोनदा करा. मिथेनॉल उडवताना वॉटर बाथ ४० अंशांच्या आतच. उरलेला भाग पाण्यात घेऊन डायक्लोरोमिथेनने दोनदा काढा, म्हणजे साखर आणि क्षार पाण्यात मागे राहतील. एचपीएलसीत सी-१८ कॉलम आणि २१७ नॅनोमीटर तरंगलांबी ही नेहमीची जोडी. इतक्या खालच्या तरंगलांबीवर अर्कातले जवळपास सगळेच काही ना काही दाखवते, त्यामुळे पीक कॉलममधून कोणत्या वेळी बाहेर आला एवढ्यावरूनच तो ओळखू नका.

आणि एक चाचणी चुकवू नका. कॅलसच्या एका नमुन्यात अर्क काढण्याआधीच शुद्ध अझाडिरॅक्टिन मोजून घाला. घातलेल्यापैकी ८० टक्के तरी परत मिळाले पाहिजे. ३० टक्केच मिळाले तर दोष कॅलसचा नाही, तुमच्या अर्काच्या पद्धतीचा. वापरून झालेले माध्यमही फेकू नका, कारण काही भाग पेशींतून बाहेर झिरपलेला असतो.

मोजमाप बरोबर निघाले तर दोन टप्प्यांत काम करा. पहिल्या टप्प्यात पेशी वाढवायच्या: २५० मि.लि.च्या फ्लास्कमध्ये ५० मि.लि. द्रव माध्यम, त्यात भुसभुशीत कॅलस २ ते ३ ग्रॅम, शेकर मिनिटाला ११० फेरे, तापमान २५ अंश. पहिले दोन दिवस काहीच होत नाही, मग आठव्या-दहाव्या दिवसापर्यंत वाढ चढते आणि बाराव्याच्या सुमारास थांबते. तुमच्या ओळीचा (एकाच मुळापासून वाढवत नेलेल्या पेशींचा) हा आलेख स्वतः काढा: दर दोन दिवसांनी तीन फ्लास्क रिकामे करून पेशींचे कोरडे वजन घ्यायचे. याच्याशिवाय पुढचे सगळे अंधारातले तीर.

दुसऱ्या टप्प्यात पेशी गाळून उत्पादनाच्या माध्यमात हलवा. २,४-डी काढून टाका, त्याऐवजी आयएए किंवा एनएए हे संप्रेरक कमी प्रमाणात द्या. एमएसमध्ये पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट लिटरला १७० मि.ग्रॅ. असते, ते निम्म्यावर आणा. साखर ३० ऐवजी ५० ग्रॅम करून पाहा. अमोनियम कमी करून नायट्रेटचा वाटा वाढवा. यांतला एका वेळी एकच बदल. चारही एकदम केले आणि आकडा वाढला, तर कशाने वाढला ते प्रबंधात काय लिहाल?

शेवटी उद्दीपक. पेशींना ‘कीड आली’ असे वाटायला लावणारी ही द्रव्ये. मिथाइल जास्मोनेट, कायटोसान, यीस्टचा अर्क वगैरे. मिथाइल जास्मोनेटने सुरुवात करा. २२.४ मि.ग्रॅ. १ मि.लि. अल्कोहोलमध्ये विरघळवा आणि फिल्टरने निर्जंतुक करा, ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात) घालू नका. त्यातले ५० मायक्रोलिटर ५० मि.लि. संवर्धनात गेले की १०० मायक्रोमोलर होते. आठव्या दिवशी द्या, त्यानंतर दोन ते चार दिवसांनी काढणी. पहिल्या दिवशीच दिले तर वाढ खुंटते: पेशीमागे द्रव्य जास्त दिसते, पण पेशीच कमी असल्याने फ्लास्कमागे कमी भरते. शेजारी नुसते ५० मायक्रोलिटर अल्कोहोल घातलेले फ्लास्क ठेवा, नाहीतर परीक्षक तोच प्रश्न पहिला विचारतील.

एक राहिलेच. कॅलस कोणत्या झाडाचा? कॉलेजच्या आवारातले हाताशी आले ते झाड, असेच बहुधा होते. कडुनिंबाच्या झाडाझाडांत अझाडिरॅक्टिनचे प्रमाण कितीतरी पटींनी बदलते. पाच-सहा झाडांच्या निंबोळ्या तपासून त्यांतल्या सरस झाडापासून ओळ सुरू केली, तर पुढची निम्मी मेहनत वाचते.

प्रश्न : पावसाळा सुरू झाला की आमच्या कॉलेजच्या टिश्यू कल्चर खोलीत बुरशीचा सुळसुळाट होतो. एप्रिलपर्यंत दहात एखादी बाटली जायची, जुलैत निम्म्या जातात. शिवाय कडुनिंबाचे तुकडे दोन दिवसांत काळे पडतात. (डोंबिवली)

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, उपायही वेगळे.

बुरशी आधी कुठे उगवते ते पाहा. तुकड्यापासून सुरू झाली तर तुकड्याचे निर्जंतुकीकरण कच्चे. माध्यमावर कुठेही, तुकड्यापासून लांब ठिपके दिसले तर हवा किंवा हाताळणी. बाटलीच्या काठावरून आत उतरली तर बूच. पावसाळ्यात या तिसऱ्या प्रकारचे प्रमाण वाढते, कारण कापसाचे बूच ओले झाले की बुरशीचे धागे त्यातून सरळ आत चालत येतात. ऑटोक्लेव्हमधून काढताना बुचांवर ॲल्युमिनियमचा कागद हवाच. जुलै ते सप्टेंबर कापूस बंद करून पॉलिप्रॉपिलिनची झाकणे वापरा आणि कडेने क्लिंग फिल्म गुंडाळा. बाटल्यांच्या रांगेत एकीकडून दुसरीकडे बुरशी सरकत जात असेल तर कोळी (माइट) समजा. डोळ्यांना जेमतेम दिसणारे हे किडे पायांवर बीजाणू घेऊन बाटल्या पालथ्या घालतात. तो शेल्फ सगळा रिकामा करून सगळ्या बाटल्या न उघडता ऑटोक्लेव्ह करा. चांगल्या दिसणाऱ्या चार वाचवायचा मोह धरू नका.

दुसरा संशयित खोलीचा एसी. आतल्या कॉइलवर पाणी साचते, त्यावर बुरशी धरते आणि पंखा ती खोलीभर फेकतो. मेअखेर कॉइल आणि ड्रेन ट्रे साफ करून घ्या आणि एसीचा झोत लॅमिनारच्या (गाळलेल्या हवेच्या झोतात काम करायच्या कपाटाच्या) तोंडावर येणार नाही असा वळवा. लॅमिनार काम सुरू करण्याआधी वीस मिनिटे चालू हवा. त्याच्या समोर बसून गप्पा मारल्या की फिल्टर कितीही भारी असला तरी व्यर्थ.

माध्यमाच्या पावडरीकडेही पाहा. एमएसची तयार पावडर हवेतले पाणी ओढते. मोठा डबा पावसाळ्यात दोनदा उघडला की गोळे होतात आणि मग ४.४ ग्रॅम मोजले तरी त्यात पाणी किती, क्षार किती, कोणी सांगावे! एका लिटरची पाकिटे घ्या, पाकीट फोडले की पूर्ण संपवा.

दुसऱ्या-तिसऱ्या उपसंवर्धनात, म्हणजे ताज्या माध्यमावर हलवल्यावर, तुकड्याच्या बुडाशी दुधाळ वलय आले, तर ते ऊतीच्या आत राहणारे जिवाणू. बाहेरून कितीही धुतले तरी ते निघत नाहीत. जुन्या फांदीऐवजी कोवळी फूट घ्या, तीही आठ-दहा दिवस कोरडे गेल्यावर. मुंबईच्या पट्ट्यात याचा सरळ अर्थ असा की नवे संवर्धन ऑक्टोबर ते मे या काळात सुरू करा आणि पावसाळ्यात फक्त असलेल्या ओळी सांभाळा.

आता काळे पडणे. कडुनिंबात फिनॉलवर्गीय द्रव्ये भरपूर. कापल्याबरोबर ती बाहेर येतात, हवेत ऑक्सिडाइज होतात आणि तुकड्याला मारतात. पाने कापण्याचे काम पाण्याखाली करा. त्या पाण्यात लिटरला १०० मि.ग्रॅ. ॲस्कॉर्बिक आम्ल आणि तितकेच सायट्रिक आम्ल घाला. पाते नवे, धारदार हवे. बोथट पात्याने पेशी चेंगरतात आणि फिनॉल जास्त सुटते. पहिला आठवडा बाटल्या अंधारात ठेवा आणि तिसऱ्या दिवशी तुकडे ताज्या माध्यमावर हलवा. कोळशाची पूड घालतात, पण ती फिनॉलबरोबर संप्रेरकेही शोषून घेते. कॅलससाठी आम्ही ती टाळायला सांगू.

प्रश्न : ऑटोक्लेव्ह नाही. घरच्या प्रेशर कुकरवर भागेल का? आणि तुकडे धुवायला मर्क्युरिक क्लोराइड घ्यावेच लागते का? (ठाणे)

उत्तर : कुकरवर भागते. शिट्टीचे वजन टाकण्याआधी वाफ जोरात बाहेर पडू द्या, आत हवा राहिली तर दाब दिसतो पण तापमान चढत नाही. मग मंद आचेवर २५ मिनिटे, बाटलीत माध्यम ५० मि.लि.च्या वर नको. आच बंद केल्यावर शिट्टी उचलू नका, माध्यम उकळून बुचापर्यंत येते. जास्त वेळ ठेवले तर साखर जळून माध्यम तपकिरी होते, पीएच उतरतो आणि आगर धरत नाही. सुरुवातीला पीएच ५.८ लावलेला असावा. पाचच्या खाली गेला की माध्यम पातळच राहते.

मर्क्युरिक क्लोराइड घरात नकोच. जहाल विष आहे आणि धुवण सिंकमध्ये ओतले की पारा गटारात. बाजारातले ४ ते ५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट तितक्याच पाण्यात मिसळा, ट्वीन-२० या साबणासारख्या द्रव्याचे दोन थेंब घाला. आधी ७० टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट, मग यात १० ते १२ मिनिटे, मग निर्जंतुक पाण्याने चारदा धुवा. कोवळ्या पानांच्या कडा पांढऱ्या पडल्या तर वेळ कमी करा.

प्रश्न : आम्ही तिघे जैवतंत्रज्ञानाचे पदवीधर. १०० लिटरचा बायोरिॲक्टर (पेशी वाढवायची टाकी) घेऊन पेशींपासून कडुनिंबाचे कीटकनाशक बनवण्याचा उद्योग काढावा असा विचार आहे. परवडेल का? (मुलुंड)

उत्तर : नाही. हिशेब मांडून सांगतो.

चांगली ओळ मिळाली आहे, लिटरमागे १० ग्रॅम कोरड्या पेशी तयार होतात आणि ग्रॅममागे ३ मि.ग्रॅ. अझाडिरॅक्टिन आहे, असे धरू. म्हणजे लिटरला ३० मि.ग्रॅ., १०० लिटरच्या एका घाण्यात ३ ग्रॅम, तेही अर्क काढताना काहीच वाया गेले नाही तर. आता निंबोळीच्या मगजात अझाडिरॅक्टिन ०.३ टक्के धरले, तर हेच ३ ग्रॅम एक किलो मगजात मिळतात. तुमचा घाणा दोन आठवडे चालणार: ३ किलो साखर, ४४० ग्रॅम एमएस पावडर, रात्रंदिवस हवा, ढवळणी आणि २५ अंश तापमान. समोर एक किलो मगज. बाजारातले ३०० पीपीएमचे (दहा लाखांत ३०० भागांचे) औषध घेतले तर त्या ३ ग्रॅमांतून ते सुमारे १० लिटर होईल. दहा लिटर औषधासाठी कोण किती देईल याचा अंदाज तुम्हीच करा. घाण्यात जिवाणू शिरला तर तेही हाती येत नाही. वनस्पतीच्या पेशी सावकाश वाढतात, जिवाणूला एक रात्र पुरते.

‘मग इतर द्रव्ये कशी परवडतात?’ असे पुढे विचाराल. जपानमध्ये १९८३ साली शिकोनिन हे तांबडे रंगद्रव्य पेशीसंवर्धनातून बाजारात आले, आणि कर्करोगावरचे पॅक्लिटॅक्सेल आज ७५ हजार लिटरपर्यंतच्या टाक्यांत यू वृक्षाच्या पेशींपासून बनते. दोन्ही द्रव्ये अतिशय महाग, त्यांची झाडे सावकाश वाढणारी. कडुनिंबाला तसली टंचाई नाही. अझाडिरॅक्टिन रसायनशाळेत बनवण्याचा मार्गही खुंटलेला आहे: केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाने ते २००७ मध्ये तयार केले, पण त्याला २२ वर्षे आणि ७१ पायऱ्या लागल्या. म्हणून निंबोळीला आज तरी तोड नाही.

पैसा लावायचाच असेल तर दुसऱ्या टोकाला लावा. अझाडिरॅक्टिन जास्त असलेली झाडे हेरून त्यांची टिश्यू कल्चर रोपे तयार करणे, हे काम करण्यासारखे आहे. बियांपासून केलेल्या रोपांत आईचे गुण उतरतीलच असे नाही. कडुनिंबात परपरागण होते. शिवाय निंबोळी काही आठवड्यांतच उगवणशक्ती गमावते, त्यामुळे बी साठवून वर्षभर रोपे करणेही जमत नाही. कोवळ्या फांदीच्या पेरापासून फुटवे, मग आयबीए हे संप्रेरक देऊन मुळे, मग हरितगृहात कणखर करणे, असा तो सरळ मार्ग आहे. अडते ते शेवटच्या टप्प्यावर: बाटलीतल्या दमट हवेतून काढलेली रोपे एकदम उघड्यावर ठेवली की माना टाकतात. पहिले दोन आठवडे पिशवी पांघरून, रोज थोडी थोडी उघडत जा.

प्रश्न : कॅलसऐवजी केसाळ मुळे वापरली तर द्रव्य जास्त मिळते असे वाचले. बी.एस्सी.च्या पातळीवर जमेल असा प्रयोग सुचवा. (गोरेगाव)

उत्तर : झेंडू घ्या. कडुनिंबापेक्षा हजारपट सोपा. झेंडूच्या मुळांत थायोफीन गटातली द्रव्ये असतात, त्यांतले अल्फा-टर्थिएनिल सूत्रकृमींना मारते. ती मुळांतच बनत असल्याने मुळे वाढवली की द्रव्य आपोआप मिळते. उद्दीपक, दोन टप्पे, काही लागत नाही. द्रव्य झाडाच्या कोणत्या भागात बनते हे पाहून संवर्धनाचा प्रकार ठरवायचा, त्याचा हा सरळ नमुना. निकोटिनचेही असेच. तंबाखूच्या खुंटावर टोमॅटोचे कलम बांधले तर टोमॅटोच्या पानांत निकोटिन येते आणि उलटे बांधले तर तंबाखूच्या पानांत जवळजवळ येत नाही, कारण ते बनते मुळांत आणि वर चढते.

बी दसऱ्यानंतर दादरच्या फूलबाजारातून आणलेल्या सुकल्या झेंडूचे चालेल, पण संकरित फुलांत बी पोकळ निघते. नर्सरीतले पाकीट घेतलेले बरे. वर सांगितल्याप्रमाणे धुऊन निम्म्या तीव्रतेच्या, संप्रेरक नसलेल्या एमएसवर पेरा. दोन आठवड्यांच्या रोपाच्या खोडावर आणि पानाच्या मधल्या शिरेवर सुईने टोचा. सुईला लावायचा तो ॲग्रोबॅक्टेरियम ऱ्हायझोजेनिस, म्हणजे आपली जनुके झाडात घालून केसाळ मुळे फुटवणारा जिवाणू, ए-४ सारखी एखादी प्रचलित जात, २८ अंशांवर रात्रभर वाढवलेली. दोन दिवस अंधारात ठेवल्यावर तुकडे सेफोटॅक्झिम ५०० मि.ग्रॅ. असलेल्या माध्यमावर हलवा. हे प्रतिजैविक माध्यम ५० अंशांपर्यंत निवल्यावर घालायचे; गरम माध्यमात घातले की निकामी होते आणि मग ‘जिवाणू जात नाहीत’ अशी पत्रे येतात.

दोन-तीन आठवड्यांत जखमेतून पांढरी, बारीक केसांनी भरलेली मुळे फुटतात. जमिनीची ओढ नसल्यासारखी ती सगळीकडे पसरतात, वरदेखील. प्रत्येक मूळ २ से.मी. लांब झाले की वेगळे कापा आणि वेगळ्या बाटलीत क्रमांक घालून ठेवा, कारण प्रत्येक मूळ ही स्वतंत्र ओळ असते. एकीत द्रव्य भरपूर, शेजारच्या ओळीत नावाला. सेफोटॅक्झिम दर पंधरवड्याला ५०० वरून २५०, मग १००, मग बंद. संप्रेरकाशिवाय जोमाने वाढणे ही पहिली खूण, पक्की खात्री पीसीआरवर (जनुक शोधण्याची चाचणी): झाडात शिरणारे रोल-बी जनुक दिसले पाहिजे आणि जिवाणूतच राहणारे व्हिर-डी दिसता कामा नये. व्हिर-डी दिसले तर जिवाणू अजून आत लपलेला आहे.

द्रव माध्यमात शेकर ८० ते ९० फेऱ्यांवरच ठेवा, मुळे तुटतात. तिसऱ्या आठवड्यात फ्लास्कमध्ये मुळांचा घट्ट गोळा होतो आणि त्याच्या मध्यभागी हवा पोचत नाही. आतून तपकिरी दिसू लागला की समजा उशीर झाला. मोठ्या टाकीत केसाळ मुळे वाढवणे अवघड जाते ते नेमके यामुळेच.

अर्क हेक्झेनमध्ये, मंद उजेडात काढा. टीएलसी पट्टीवर (द्रव्ये वेगळी करणारी पातळ थराची पट्टी) ठिपका देऊन ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरला की थायोफीन निळसर चमकतात. हे द्रव्य अतिनील उजेडात जास्त विषारी होते, तेव्हा हातमोजे घाला. आणि सुरुवातीलाच संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी घ्या: ही जनुकीय बदल झालेली ऊती आहे. प्रयोग झाला की सगळे ऑटोक्लेव्ह करूनच टाकायचे.

प्रश्न : एचपीएलसी नाही. अर्कात दम आहे की नाही हे किड्यांवर तपासता येईल का? डासांच्या अळ्या चालतील? (चेंबूर)

उत्तर : डासांच्या अळ्या सोसायटीत पाळू नका. महापालिकेचे कीटकनाशक विभागाचे लोक आले तर नोटीस मिळेल, आणि ती रास्तच असेल.

एरंडाचे पान आणि त्यावरची अळी घ्या. रेल्वे लाइनच्या कडेला एरंड मिळतो. पानाच्या ५ से.मी. व्यासाच्या चकत्या कापा, अर्कात दहा सेकंद बुडवा, सावलीत वाळवा. पेट्री डिशमध्ये ओला टिपकागद, त्यावर चकती, त्यावर चार तास उपाशी ठेवलेली एक मध्यम वाढीची अळी. प्रत्येक अर्काला किमान दहा डिश. चोवीस तासांनी आलेखाच्या कागदावर खाल्लेला भाग मोजा. साध्या चकतीवर खाल्लेला भाग क, अर्काच्या चकतीवर खाल्लेला ख, तर (क − ख) ला (क + ख) ने भागून शंभराने गुणले की भूकरोधकता.

इथे हमखास फसवणूक होते. मिथेनॉल, उरलेले २,४-डी, माध्यमातले क्षार यांनीही अळी तोंड फिरवते. म्हणून पेशी न घातलेल्या माध्यमाचा अर्क त्याच पद्धतीने काढून त्याचीही डिश लावा, आणि शेजारी बाजारातल्या ज्ञात पीपीएमच्या निंब औषधाची. चोवीस तासांत अळी मेली नाही म्हणून अर्क फेकू नका. अझाडिरॅक्टिन झटक्यात मारत नाही. अळीची कात अडते. पुढचे आठ-दहा दिवस साधी पाने घालून अळ्या सांभाळा आणि किती जणींची कात अर्धवट राहते ते मोजा. उलट अळी तासाभरात तडफडून मेली, तर अर्कात अझाडिरॅक्टिनपेक्षा द्रावकच जास्त आहे असे समजा.

प्रश्न : वसईत मोगऱ्याची वाडी आहे. पायरेथ्रमची टिश्यू कल्चर रोपे आणून लावली तर फुलांपासून औषध करता येईल का?

उत्तर : रोपे जगतील, पण फुलणार नाहीत. पायरेथ्रमला कळ्या धरायला थंड रात्री लागतात, म्हणून ते केनिया, टांझानियाच्या डोंगरांत आणि टास्मानियात पिकते. आणि पायरेथ्रिन असते मुख्यतः फुलाच्या बोंडात, पानांत अगदीच थोडे. फूल नाही तर औषध नाही.

प्रश्न : गॅलरीतल्या मिरचीवर मावा आहे. तंबाखू उकळून फवारावी असे सगळे सांगतात. नैसर्गिकच आहे ना? (गिरगाव)

उत्तर : नैसर्गिक आहे आणि विषारीही. निकोटिन कातडीतून अंगात शिरते. उकळलेल्या तंबाखूत ते किती उतरले हे कोणालाच कळत नाही, आणि ती मिरची तुम्ही चार दिवसांत खाणार. शिवाय तंबाखूचा मोझाइक विषाणू मिरची आणि टोमॅटोला लागतो. तंबाखू मळलेल्या हातांनीही तो पसरतो. मावा कोवळ्या शेंड्यावर असेल तर शेंडा खुडून टाका, बाकीच्या पानांवर खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारा. दोन दिवसांनी पुन्हा. तरी राहिलाच तर निंबोळी अर्क.

प्रश्न : आमचा बचतगट निंबोळी अर्क बनवतो. बाटल्यांत भरून प्रदर्शनात विकावा का? अर्क दुसऱ्या दिवशी आंबतो, त्यावर उपाय? (बोरिवली)

उत्तर : अर्क साठवायचा नसतोच. ५० ग्रॅम मगजाची पूड फडक्यात बांधून थोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी चांगली पिळा, गाळून एक लिटर करा. साबणाचा चुरा २ ग्रॅम फवारणीच्या अगदी आधी घाला, कारण साबण अल्कलीधर्मी आणि अझाडिरॅक्टिनला तो मानवत नाही. संध्याकाळी फवारा, त्याच दिवशी संपवा. पाण्यात भिजलेल्या अर्कात जिवाणू वाढणारच. टिकवण्यासाठी सोडा किंवा मीठ घालू नका.

टिकवायची ती निंबोळी. मुंबईत निंबोळ्या पिकायची आणि पाऊस पडायची वेळ एकच, त्यामुळे खाली पडलेल्या फळांना बुरशी लवकर धरते. पिवळी फळे रोजच्या रोज वेचा, गर धुऊन काढा, पंख्याखाली सावलीत पातळ पसरून कडकडीत वाळवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, गोणपाटात किंवा सुती पिशवीत ठेवा. आतला मगज फोडल्यावर हिरवट असला तर उत्तम, काळा किंवा पांढरी बुरशी आलेला असला तर टाकून द्या.

विक्रीबद्दल: स्वतःच्या झाडांसाठी अर्क करायला कोणाची हरकत नाही. पण ‘कीटकनाशक’ म्हणून बाटली विकायची तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली केंद्रीय मंडळाकडे नोंदणी आणि राज्याचा परवाना लागतो, मग ते कडुनिंबाचे का असेना. प्रदर्शनात सुकवलेला मगज किंवा त्याची पूड खत म्हणून विकायचा विचार असेल, तर खतांचे नियम वेगळे आहेत. कृषी विभागाच्या स्थानिक कार्यालयात विचारूनच लेबल छापा.